नॅप ऑफ हॉवर पाहिलंय का? अनुभव लिहा

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या चिमुकल्या पापा वेस्ट्रीवर इ.स.पू. ३७००च्या सुमाराचं नॅप ऑफ हॉवर हे दगडी शेतघर अजून उभं आहे. गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं! कोणी जाऊन आलं असेल तर लिहा, दोन ओळीही चालतील. सुरुवात मी करते.

बेटावरच्या हॉलंड फार्मपासून आम्ही किनाऱ्याकडे चालत गेलो. लांबून काहीच दिसत नाही, घरं जमिनीत रुतल्यासारखी आहेत. दोन घरं अगदी खेटून, मधून ये-जा करायला बुटकी वाट. मोठं घर आतून साधारण १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. दारातून वाकूनच आत जावं लागतं. आत धान्य भरडायचा दगड आहे, झिजून खोलगट झालेला. आजीचा पाटा असाच मधे झिजला होता. त्याच्याशेजारी बसले ती उठवेचना.

*

ऑर्कनीतलं मुख्य गाव कर्कवॉल, तिथून आम्ही छोट्या विमानाने गेलो. शेजारचं वेस्ट्री बेट ते पापा वेस्ट्री हा टप्पा जगातला सर्वांत कमी अंतराचा नियमित विमानप्रवास, जेमतेम २.७ किमी. पण मी बांधकामातला माणूस, माझा जीव भिंतींत अडकला. दगडाचे दोन पदर आणि मधल्या पोकळीत घरचाच उकिरडा ठासून भरलेला. वारा आत येईल कुठून? उकिरड्यातल्या हाडांवरून, शिंपल्यांवरूनच तर कळलं की ही माणसं गाई, मेंढ्या, डुकरं पाळायची, मासेही खायची. शेतात जव पिकवायची.

*

लहान घरातल्या भिंतीत कोनाडे आहेत. आमच्या कोकणातल्या घरी दिव्याचा कोनाडा होता. तिथे काय ठेवत असतील, एवढंच मनात घोळत राहिलं.

*

आम्ही गेलो तेव्हा पाऊस आडवा झोडपत होता, छप्पर तर नाहीच. दारं समुद्राच्या बाजूला आणि लाटा अगदी पायाशी. बांधलं तेव्हा समुद्र बराच लांब होता म्हणे. वाळूने घरं झाकली म्हणून टिकली, पुढे किनारा झिजला तेव्हा उघडी पडली. आता बांध घातलाय, तरी ती लाट बघून पोटात गोळा येतो. जाणार असाल तर पुढे ढकलू नका. आणि मुलांना भिंतींवर चढू देऊ नका, कृपा करून.