मदत हवी आहे: २००३ च्या डिझेल जीपचा हीटर धड तापत नाही, डॅशबोर्ड उघडू का?

नमस्कार मंडळी,

वडिलांची २००३ सालची डिझेल जीप अजून आमच्याकडे आहे. आरसी दोनदा वाढवून घेतली, कारण ती विकायला मन होत नाही. दर पंधरा दिवसांनी शनिवारी पहाटे पाचला आम्ही कोथरूडहून जुन्नरकडे निघतो. सोबत आई असते. वय ७६, गुडघ्यांना संधिवात, पण द्राक्षबाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मंचर सोडलं की थंडी बोचायला लागते. पायांवर घोंगडी घेऊनही नारायणगाव येईपर्यंत तिचे पाय गारठतात. त्यात चौघे बसलो की काच आतून वाफेने धूसर होते, आणि त्या रस्त्यावर पहाटे मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. त्यामुळे हे दुखणं आता अंगावर काढायचं नाही असं ठरवलंय.

ब्लोअर उत्तम आहे, हवा जोरात येते, पण कोमट. एसीवाल्याकडचा थर्मामीटर जाळीत खोचून बघितला: ३१ अंश. बाहेर तेव्हा ११ होतं. चाकणच्या गर्दीत गाडी अडकली की हवा जरा ऊन लागते. रस्ता मोकळा झाला आणि ७०-८० चा वेग धरला की पाच-सात मिनिटांत पुन्हा गार. टेम्परेचरचा काटा पावाच्या वर जात नाही, उतारावर तर अजून खाली येतो. इंजिन पळतंय म्हणजे जास्त तापायला हवं ना? इथेच माझं डोकं अडतं.

बॉनेट उघडून केबिनमध्ये जाणाऱ्या दोन नळ्या चाचपल्या. एक बऱ्यापैकी गरम, दुसरी जेमतेम कोमट. हीटरचा कॉक (हीटरकडे गरम पाणी सोडणारी तोटी) पूर्ण उघडतोय, हे बघितलंय. कूलंट भरलेलं आहे, पण रंग चहासारखा.

जुनी हकिगतही सांगतो. वडील असताना एकदा मे महिन्यात वरंध घाटात गाडी तापली होती. रेडिएटर ठिबकत होता म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी त्यात मूठभर हळद टाकली आणि विहिरीचं पाणी ओतत ओतत भोरपर्यंत आणली. तिथल्या फिटरने आतलं काहीतरी काढून टाकलं आणि म्हणाला, "आता तापायची नाही." त्यानंतर खरंच कधी तापली नाही. काय काढलं, ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं की हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातून केबिनची हवा तापते) चोंदलाय, सगळा डॅशबोर्ड काढावा लागेल, १४ हजार. पैशांपेक्षा मला डॅशबोर्डची काळजी आहे. वीस वर्षांचं प्लॅस्टिक, क्लिपा तुटल्या की कायमचा खडखडाट. आधी दुसरं काही तपासण्यासारखं आहे का?

प्रतिसाद १

डॅशबोर्डला हात लावू नका. भोरच्या फिटरने थर्मोस्टॅट काढलाय. गाडी तापली की आपल्याकडे सर्रास हेच करतात. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी असलेली झडप. पाणी साधारण ८२-८८ अंशांपर्यंत तापेतो ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. गर्दीत रेडिएटरला वारा कमी, म्हणून थोडं तापतं. वेग घेतला की समोरचा वारा सगळी ऊब ओढून नेतो. डिझेल इंजिन मुळात उष्णता कमी वाया घालवतं, त्यामुळे त्याला हे जास्तच बाधतं. गार इंजिन डिझेलही जास्त पितं आणि लवकर झिजतं.

खात्री अशी करा. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवा. दोन-तीन मिनिटांतच ती हळूहळू कोमट व्हायला लागली तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय. तो ठीक असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग झटकन तापते.

नवा नाना पेठेत इंजिन नंबर दाखवून घ्या. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा, झडप उघडताना दिसते. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि हवा जायचं बारीक भोक वर. मात्र त्याआधी रेडिएटर साफ करून घ्याच. तेव्हा गाडी ज्यामुळे तापली ते कारण आत तसंच असेल तर थर्मोस्टॅट बसवल्यावर ते घाटात पुन्हा डोकं वर काढेल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दोन नळ्यांत एवढा फरक नुसत्या थर्मोस्टॅटने पडत नाही. कोअरही थोडा चोंदला असणार. हळद आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार त्याच्या बारीक नळ्यांतच बसतात. पण त्यालाही डॅशबोर्ड काढायची गरज नाही. दोन्ही नळ्या बॉनेटकडून सोडवा आणि कोअरमधून पाणी ज्या तोंडातून बाहेर येतं त्यातून बागेच्या पाइपने उलटं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. प्रेशर अगदी मंद ठेवा, जुन्या कोअरची डाक सुटते. ॲसिड अजिबात नको.

मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटरचा कॉक पूर्ण उघडा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. रेडिएटरची कॅप गार इंजिनवरच उघडा, यात चूक नको.

धागाकर्ता, बारा दिवसांनी

मंडळी, थर्मोस्टॅट बसतो ते हौसिंग उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच! वरची नळी दोन मिनिटांत कोमट झाली तेव्हाच कळलं होतं. रेडिएटर साफ करून घेतला, मग नवा थर्मोस्टॅट बसवला. अर्ध्या नळ्या बंद होत्या, म्हणजे वरंध घाटातलं खरं कारण इतकी वर्षं आतच होतं. कोअरमधून पहिल्या दोन बादल्या गंजाचा गाळ आला, तिसऱ्या बादलीला पाणी नितळ झालं.

परवा पहाटे त्याच रस्त्यावर जाळीत ५२ अंश मोजले. काटा निम्म्याच्या किंचित खाली, हलत नाही. मंचरला आईने घोंगडी बाजूला ठेवली. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

एक अडचण उरली आहे. हवा पायांकडे फिरवली तरी निम्मी काचेकडेच जाते, आणि जाळीतून काळ्या फोमचे कण उडतात. आतल्या फ्लॅपचा फोम झडला असावा. डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स काढून तिथवर हात पोहोचतो का? कोणी केलं असेल तर कोणता फोम आणि कशाने चिकटवला, तेवढं सांगा. पुढच्या शनिवारच्या आत करायचंय.