इथली लस, तिथली लस : जर्मनीतल्या मराठी लोकांचे करोनाकाळातले अनुभव

करोना म्हटलं की आता लोक विषय बदलतात, माहीत आहे. तरी हा धागा काढतेय. यंदा आमच्याकडे गणपतीच्या जेवणात कुणीतरी सहज विचारलं, "लस आधी कुठे मिळाली हो, इथे की भारतात?" आणि पंगतीत दोन तट पडले. एक तट म्हणे, इथेच की! २७ डिसेंबर २०२० ला जर्मनीत सुरुवात झाली, भारतात १६ जानेवारी २०२१ ला. दुसरा म्हणे, कसलं काय, सांगलीत आईबाबांचा पहिला डोस मार्चमध्ये झाला आणि माझा इथे जूनमध्ये.

दोघांचंही खरं आहे. जर्मनीत आधी ऐंशीच्या पुढचे, मग सत्तरीचे, मग साठीचे, मधूनमधून आजारपणाप्रमाणे आणि नोकरीप्रमाणे वेगळे गट. ही उतरंड पूर्ण मोडली ती ७ जूनला. भारतात १ मार्चलाच साठीच्या पुढच्या सगळ्यांना दार उघडलं होतं. म्हणजे तिशी-चाळिशीतले आपण बायोनटेकच्या (फायझरची लस म्हणतात ना, ती यांचीच) देशात बिनलशीचे बसलेलो आणि घरी म्हातारी माणसं हाताला कापूस लावून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतायत. चला, ते तरी सुटले, असं मार्चमध्ये वाटलं होतं. एप्रिलमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही कुठे होतात, घरचे कुठे होते, दोन्हीकडे काय चाललं होतं ते लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून. 'जर्मनी भारी की भारत भारी' नको. ते सामने तेव्हाच पुरेसे झालेत.

म्युनिक

आमच्याकडे सुरुवात लवकर झाली. जर्मनीतला पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये म्युनिकजवळच सापडला, श्टोकडोर्फमधल्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सासूसासरे फेब्रुवारीत माझ्या बाळंतपणासाठी आले होते. डिंक, अळीव, खारीक-खोबरं सगळं आलं, आणि मार्चच्या शेवटी भारताने विमानं बंद केली. व्हिसा नव्वद दिवसांचा, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तेवढ्याच.

व्हिसाची काळजी फुकट गेली. अडकून पडलेल्यांचं वास्तव्य सरकारने एका आदेशात कायदेशीर करून टाकलं, आम्हाला कुठे जावंही लागलं नाही. गोळ्यांनी मात्र घाम काढला. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालेना. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरने रिकामं पाकीट बघून, घटक जुळवून नवीन लिहून दिली.

गंमत सासऱ्यांची. बव्हेरियात कडक नियम होते, पण फिरायला आणि पळायला बाहेर पडता येत होतं. सासरे दिवसभर मराठी बातम्या बघणार, त्यात पोलीस लोकांना भररस्त्यात उठाबशा काढायला लावतायत, आणि खिडकीतून बघावं तर खाली माणसं कुत्री घेऊन निवांत चाललेली. "यांना दांडका दाखवणारं कुणी नाही," असं म्हणून बरेच दिवस ते खाली उतरलेच नाहीत. मग एक दिवस उतरले आणि नंतर घरात थांबेनात, रोज बदकं बघायला. अडकलेल्यांना नेणाऱ्या सरकारी 'वंदे भारत' विमानाने परत गेले तेव्हा हॉटेलात स्वखर्चाने विलगीकरण, मग घरी पुन्हा तेच. सोसायटीच्या फाटकाला बांबू बांधलेले. फोनवर म्हणाले, इथे कैदेत आहे, तिथली बदकं बरी होती.

श्टुटगार्ट

लशीआधी पगाराचं लिहितो, कारण मला खरा फरक तिथे दिसला.

आमच्या कारखान्यात एप्रिल २०२० मध्ये कुर्त्सआर्बाइट लागलं. म्हणजे काम कमी, नोकरी शाबूत, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग सरकारी विम्यातून. मूल असेल तर ६७. लांबलं तसं ते वाढवत नेलं, चौथ्या महिन्यापासून ७० आणि ७७, सातव्यापासून ८० आणि ८७. मी बाल्कनीत टोमॅटो लावले.

माझा आतेभाऊ चाकणला, याच धंद्यात, आमच्यासारखेच सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. फरक एवढाच की तो ठेकेदाराचा माणूस. पंचवीस मार्चला गेट बंद झालं, ठेकेदाराने फोन बंद केला. खोलीचं भाडं थकलं, मिळेल त्या वाहनाने बीडला गेला. कंपनी सुरू झाल्यावर परत बोलावलं, पण कमी पैशात. इथले सहकारी मला विचारायचे, भारतात एवढं कडक लॉकडाउन लोक सहन कसं करतात? काय सांगणार, सहन करणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बर्लिन

माझा किस्सा अॅस्ट्राझेनेकाचा. तीच लस, जी आपल्याकडे पुण्याच्या सीरमची कोविशील्ड.

जर्मनीने जानेवारी २०२१ च्या शेवटी सांगितलं, ही ६५ च्या आतल्यांनाच द्या, वरच्या वयाचा पुरेसा अभ्यास नाही. १५ मार्चला थांबवलीच, मेंदूच्या शिरांत गुठळ्या होण्याचे दुर्मीळ प्रकार तरुण बायकांत दिसले म्हणून. चार दिवसांत पुन्हा सुरू. मार्च संपता संपता उलटा नियम: आता ६० च्या वरच्यांनाच द्या. विज्ञान म्हणून यात चुकीचं काहीच नव्हतं, पुरावा बदलला तसा सल्ला बदलला. पण माझ्या आईबाबांनी तोवर कोथरूडमध्ये ती घेऊन दहा-बारा दिवस झाले होते. आईचा फोन, "तुमच्याकडे बंद केली म्हणे. आता आम्ही काय करायचं?"

माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, साठीच्या पुढे आहेत ना, मग काळजी करू नका, दुसरा डोस चुकवू नका म्हणावं. आता दुसऱ्या डोसचं ऐका. आधी चार ते सहा आठवडे, मार्चच्या शेवटी सहा ते आठ, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. बाबा दुपारी केंद्रावर जायचे आणि 'तारीख बदलली' ऐकून यायचे. अंतर वाढवण्याला शास्त्राचा आधार होता, ब्रिटननेही तेच केलं होतं. पण लस संपलेली असतानाच हे जाहीर झालं, तेव्हा विश्वास कोण ठेवणार?

मे महिन्यात इथे अॅस्ट्राझेनेका कुणालाही घेता येऊ लागली, डॉक्टरांशी बोलून. मी लगेच घेतली. दुसरा डोस येईपर्यंत १ जुलैला शिफारस आली की वर बायोनटेक किंवा मॉडर्ना घ्या. त्यामुळे मी निम्मा पुण्याचा, निम्मा माइंत्सचा.

माइंत्स

वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले, कारण मी खरोखरच तशी आहे. माहेर हडपसर, मांजरीच्या वाटेवर. घर माइंत्समध्ये, बायोनटेक आमच्या गावची. २०२१ मध्ये दोन्हीकडचे लोक मला एकच म्हणायचे, "तुमच्या तर दारातच तयार होते!"

१२ जानेवारीला सीरमच्या गेटातून पहिले ट्रक निघाले तेव्हा नारळ फोडले, हार घातले. बाबांनी टीव्हीवर बघितलं आणि गेट इतकं जवळ की ते 'आपली लस' म्हणायला लागले. मे महिन्यात त्याच हडपसरात लस नव्हती. १ मेपासून अठराच्या पुढच्यांना परवानगी मिळाली आणि दोनच आठवड्यांत महाराष्ट्राला १८ ते ४४ चं लसीकरण थांबवावं लागलं, होता तो साठा दुसऱ्या डोसवाल्यांना. माझा भाऊ तेव्हा एकोणतीसचा. कोविनवर संध्याकाळी स्लॉट उघडायचे आणि ओटीपी येईपर्यंत संपायचे. शेवटी पुरंदरकडच्या एका उपकेंद्रात मिळाला. गाडी घेऊन गेला तर गावातले लोक दारात उभे: आमच्या गावची लस शहरातल्यांनी मोबाइलवर पळवली. भावाने निमूट घेतली. त्या लोकांचं काहीच चूक नव्हतं असं तो आजही म्हणतो.

इथे माझी गत वेगळी नव्हती, फक्त ती आरडाओरड नव्हती. हेल्पलाइनला फोन, नाव नोंदवलं, पत्र येईल. पत्र! पोस्टाने! घरापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर शोध लागलेला, आणि मी पोस्टमनची वाट बघतेय. बायोनटेकच्या करातून आमच्या नगरपालिकेचं वर्षानुवर्षांचं कर्ज फिटायला लागलं त्याची बातमी आधी आली, असं आम्ही अजून चेष्टेत म्हणतो. अखेर लस मिळाली ती नवऱ्याच्या कंपनीच्या डॉक्टरकडे, कुटुंबीयांसाठी ठेवलेल्या दिवशी.

कोलोन

मी थोडंच लिहिते.

बाबा नाशिकला. पहिला डोस मार्चमध्ये झाला होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताप. आम्ही इथे साडेतीन तास मागे असल्यामुळे तिथे पहाट झाली की माझी मध्यरात्र, आणि बेडसाठी फोन करायला तीच वेळ बरी असायची. याद्या यायच्या, रेमडेसिविर कुठे, सिलिंडर कुठे, व्हेंटिलेटर कुठे, निम्मे नंबर लागायचे नाहीत, लागलेल्यांपैकी निम्मे म्हणायचे "सकाळीच संपलं, ताई." काही जण मात्र अनोळखी असूनही दुसऱ्या दिवशी उलट फोन करून विचारायचे, मिळालं का?

२६ एप्रिलपासून जर्मनीने भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश ठरवलं. इथलं नागरिकत्व किंवा वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच परत येता येणार, त्यावर चौदा दिवस विलगीकरण. मला येता आलं असतं. पण धाकटी सहा महिन्यांची होती, आणि भाऊ म्हणाला की तू येऊन करणार काय, आम्हालाच आत सोडत नाहीत. नाही गेले. बाबा गेले त्या दिवशी भावाने फोन लावून ठेवला होता, पण पीपीई घातलेल्या माणसांशिवाय काही दिसलं नाही.

ऑफिसने रजा दिली. शेजारच्या आजीबाईंनी काही न विचारता दारात सूप आणून ठेवलं. ७ जुलैला जर्मनीने भारताचा धोक्याचा दर्जा खाली आणला, तेव्हा मी गेले. या धाग्यात 'कोण पुढे' यावर मी काही बोलणार नाही.

आखेन

कोलोनताई, काय लिहावं कळत नाही.

मी तेव्हा मास्टर्सला आलो होतो, ऑक्टोबर २०२१. दोन्ही डोस झालेले, प्रमाणपत्र छापून लॅमिनेट केलेलं. पण कोव्हॅक्सिन! युरोपात मान्यता नाही, म्हणजे इथल्या नियमाने मी लस न घेतलेला. त्याच महिन्यात, ११ तारखेला, फुकट चाचण्याही बंद केल्या. रेस्टॉरंट बंद, जिम बंद, नोव्हेंबरपासून तर बसमध्येही लस, बरं झाल्याचा दाखला नाहीतर चाचणी. वर्गातला मित्र कोविशील्डवाला, तो सगळीकडे फिरतोय.

३ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली, घरी पेढे वाटले. जर्मनीला त्याने फरक पडला नाही. इथे येणाऱ्या प्रवाशांसाठी ती १ जून २०२२ पासून धरली गेली. तोवर थांबतो कोण? बायोनटेकचे दोन घेतले. आईला सांगितलं नव्हतं, तिला कळलं तेव्हा तिने चार डोसांचा हिशेब करून काढा पाठवायची भाषा केली.

लाइपझिग

२०२१ च्या शरद ऋतूबद्दल कुणीच लिहीत नाहीये. उन्हाळ्यापर्यंत लस कमी आणि माणसं जास्त होती, ऑक्टोबरपासून इथे उलटं. आमच्या सॅक्सनी राज्यात लसीकरण जर्मनीत सगळ्यात कमी. सोमवारी संध्याकाळी करोनाच्या नियमांविरुद्ध मोर्चे. माझ्या विभागातला शिकलेला, हुशार सहकारी शेवटपर्यंत बिनलशीचा राहिला. कारण विचारलं तर "माझं शरीर" एवढंच.

२१ ऑक्टोबरला भारताने शंभर कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. कराडजवळच्या गावात माझ्या मावशीला आशाताई घरी येऊन घेऊन गेल्या. मावशी म्हणाली, आपल्या गावच्या सुनेला नाही कसं म्हणायचं? जर्मनीत मुबलक लस होती, सक्तीचा कायदाही एप्रिल २०२२ मध्ये संसदेत आला आणि पडला. आशाताई मात्र नव्हत्या.

हॅनोव्हर

लाइपझिगकरांशी अर्धा सहमत. आशाताईंचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण गावोगावी लोक रांगेत उभे होते असं चित्र नको. मी नंदुरबारचा. अक्कलकुवा-धडगावकडे २०२१ च्या सुरुवातीला लशीचं नाव काढलं की माणसं रानात निघून जायची. तुमच्या सॅक्सनीचीच भीती, कारणं वेगळी. इथे सरकारवर विश्वास नाही, तिथे सरकार कधी आलंच नव्हतं, एकदम सुई घेऊन आलं.

त्याच जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरल्यावर ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले होते. दुसऱ्या लाटेत मोठ्या शहरांचा श्वास अडकला तेव्हा आमच्याकडे ऑक्सिजन होता. राज्यातल्या सर्वांत मागास जिल्ह्यांपैकी एक, बरं का. हे जर्मन मित्रांना सांगितलं की ते नकाशा उघडून जागा शोधतात.

डोंबिवली, आधी ड्युसेलडॉर्फ

मी परत आलेल्यांपैकी. बायोनटेकचे दोन्ही डोस घेऊन ऑगस्ट २०२१ मध्ये घरी आलो. नेमकं १५ ऑगस्टपासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल सुरू झाली होती. मी पिवळी लसपुस्तिका घेऊन स्टेशनवरच्या पालिकेच्या टेबलाशी. त्यात हाताने लिहिलेल्या तारखा, डॉक्टरचा गोल शिक्का, छोटं स्टिकर. टेबलावरच्या बाई उलटून-पालटून म्हणाल्या, "हे काय, गॅसचं पुस्तक?"

त्यांना कोविनचं प्रमाणपत्र हवं होतं. कोविनमध्ये परदेशातला डोस चढवायची सोयच नव्हती. वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले कल्याणला विचारा. कल्याणचे म्हणाले, नियमात नाही. मागे रांग वाढत होती, लोक ओरडत होते, "अहो काका, घ्या ना इथलीच एक!" महिनाभर रिक्षा आणि बस करून ठाण्याला गेलो. मग नाक्यावरच्या केंद्रात कोविशील्ड घेतली, दुसऱ्या डोसला चौऱ्याऐंशी दिवस. पास हातात आला तोवर लोकलला पूर्वीसारखीच लटकायची गर्दी झाली होती आणि मास्क हनुवटीवर.