सोसायटीचा गोधडी गट : कापड कापायचं मशीन घ्यायचं की नाही?

बी-304 (सोमवार, रात्री 9:10)
नमस्कार सगळ्यांना. कालच्या बैठकीत मशीनचा विषय अर्धवट राहिला, कारण पाणी आलं आणि सगळ्या घरी पळाल्या. इथेच बोलून घेऊ. प्रसूतिगृहाला दिवाळीच्या आत 60 दुपटी द्यायचा शब्द दिलाय. एका दुपट्याला साडेचार इंचाचे 99 चौकोन लागतात, आडवे 9 आणि उभे 11. शिवणीत चारी बाजूंनी पाव-पाव इंच गेला की चौकोन 4 इंचाचा उरतो, म्हणजे दुपटं 36 बाय 44. साठ दुपट्यांचे 5,940 चौकोन झाले. आजवरचे सगळे ए-203 च्या काकूंनी एकटीने कापलेत.

सी-602
ताई, म्हणूनच मी म्हणतेय. अमेरिकेतल्या ओमाहाच्या अ‍ॅक्युक्विल्ट कंपनीचं हाताच्या दांड्याचं मशीन आहे. त्यासोबत सपाट पाट्या वापरतात, पाटीत हव्या त्या आकाराची पाती बसवलेली असतात, वर फोम असतो. पाटीवर कापड, कापडावर प्लास्टिकची मॅट ठेवायची आणि दांडा फिरवून रोलरखालून काढायचं. सुती कापडाचे सहा थर एका वेळी. पाटीत दोन चौकोन असले तर एका फेरीत 12. माझी नणंद डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून येतेय, ती आणेल.

सी-201
डिसेंबरमध्ये येणार म्हणजे दिवाळी होऊन जाईल गं.

सी-602
काकू, या 60 साठी नाही, पुढच्यासाठी म्हणतेय. मला त्रिकोणांचं चांदणीचं डिझाइन करायचंय. त्रिकोण हाताने कापले की तिरकी बाजू ताणली जाते आणि जोडताना टोकं जुळत नाहीत. पाटीने कापलेल्या त्रिकोणाची टोकं आधीच छाटलेली येतात, एकावर एक ठेवले की कडा बरोबर बसतात.

सी-201
गटाच्या खात्यात 38 हजार आहेत. मशीन, एक-दोन पाट्या, मॅट आणि कस्टम धरलं तर जवळपास सगळे जातील. प्रत्येक आकाराची पाटी वेगळी घ्यावी लागते, हे लक्षात घ्या. आज चौकोन, उद्या त्रिकोण, परवा गोल. अस्तराचं कापड आणि दोरा कशातून घ्यायचा?

ए-701
मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईने आयुष्यात माप घेऊन तुकडा कापला नाही. लुगडं जिथे विरलं तिथून फाडायचं, चांगलं तेवढं घ्यायचं, काठ बाहेरच्या बाजूला लावायचा. मशीनला विरलेलं कुठे आणि चांगलं कुठे, हे कसं कळणार?

बी-304
आजी, नेमकं बोललात. मला रात्रभर हेच खुपत होतं. आपल्याकडे येतात त्या लोकांच्या घरच्या साड्या. सहा थर एकावर एक टाकले की फक्त वरचा दिसतो. खालच्या तिसऱ्या थराला भोक असलं तर ते चौकोन कापून झाल्यावर कळणार. काकू प्रत्येक साडी खिडकीच्या उजेडात धरून बघतात, विरलेल्या जागी खडूने फुली मारतात आणि मग कटर लावतात. एका साडीचा पदर गेल्या वर्षी त्यांनी असा कापला की प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मधोमध एक कोयरी आली. त्या घरच्या आजी गेल्या होत्या. त्यांच्या सुनेने दुपटं हातात घेतलं आणि कोयरीवरून बोट फिरवत बसली.

सी-602
ते मला मान्यच आहे. पण पूर्वी आपण कात्रीने कापायचो. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये गोल फिरत्या पात्याचा रोटरी कटर काढला, तो आपण घेतलाच ना? मला काकूंच्या हाताची काळजी वाटते. रविवारी त्या अंगठा चोळत होत्या.

बी-304
काकू, खरं सांगा.

ए-203
अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. डॉक्टर म्हणाले सांधा झिजलाय. चार थरांवर पट्टी दाबून कटर ओढला की कळ कोपरापर्यंत येते. सांगितलं नाही कारण काम माझ्याकडून काढून घ्याल असं वाटलं. मला कापायला आवडतं गं.

ए-701
अगं बाई. हे आधी सांगायचं होतंस.

बी-304
काकू, काम कोणी काढून घेणार नाही. पण एकटीने करायचं नाही, हे आजपासून ठरलं.
माझ्या वहीत वेळ लिहिलेला आहे, तो इथे टाकते. एका दुपट्याला कापणी साधारण एक तास, चौकोन जोडणी तीन तास, अस्तर लावून कच्चे टाके एक तास, हाताचा धावदोरा 14 तास. मशीन आलं तरी 19 तासांतला पाऊण तास वाचेल. आपलं काम अडतं ते धावदोऱ्याला. त्यामुळे मशीन घेतलं म्हणून दुपटी लवकर होणार नाहीत. पण साठ दुपट्यांचे ते पाऊण-पाऊण तास मिळून 45 तास होतात आणि ते सगळे काकूंच्या एका अंगठ्यावर पडतात. मशीनचा विचार करायचा तर यासाठी करायचा.

बी-104
मध्ये बोलतो, माफ करा. आमचं खोक्यांचं काम आहे. आम्ही याला पंचिंग म्हणतो. प्लायवूडमध्ये पातं वाकवून बसवतात आणि बाजूने रबर लावतात, ते कापलेला माल वर ढकलतं. तुमच्या पाटीतला फोम तेच काम करतो. रोलरखाली पातं एकदम न कापता थोडं थोडं कापत जातं, म्हणून हाताच्या दांड्याने जमतं. पण चौकोनाची बाजू रोलरला समांतर ठेवली तर ती सगळी एकदम येते आणि दांडा जड जातो. पाती थोडी तिरकी हवीत. शिवाय मॅट झिजते. पात्याचा ठसा खोल गेला की तिथे धागे न कापता राहतात, म्हणून मॅट फिरवत आणि उलटत वापरायची. मॅट हा कायमचा खर्च धरा.

सी-201
दादा, हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

सी-602
एक सुचतंय. माझ्या मुलीचं कागदकामाचं छोटं रोलर मशीन पडून आहे. तोंड सहा इंचांचं, म्हणजे साडेचार इंची चौकोनाची पाटी जाईल. तिच्याकडे फुलाची पाटी आहे, तिच्यावर आपलं कापड उद्या लावून बघू का?

बी-304
बघूच. काकू, तुम्ही एक जुनी सुती साडी काढून ठेवा. आणि नवीन कापडाचा एक तुकडाही.

बी-304 (बुधवार, दुपारी 4:40)
मंगळवारी सी-602 कडे बसलो, आता मंडईतून आल्यावर लिहितेय. नवीन सुती कापड चार थर घातलं. दांडा फिरवला, कुर्रकन आवाज झाला आणि चार फुलं स्वच्छ सुटून आली. कडा इतकी सरळ की काकूंनी चष्मा काढून डोळ्यांजवळ धरून पाहिलं.
मग जुनी साडी घातली. ती मऊ, धुऊन धुऊन विरलेली. दोनच थर होते, तरी रोलरने कापड पुढे ढकललं, पाकळ्या लांबट झाल्या आणि एका बाजूला आठ-दहा धागे तसेच लोंबत राहिले. काकू म्हणाल्या, उभा धागा रोलरच्या दिशेने जाऊ दे, तो कमी ताणतो. तसं लावल्यावर पाकळीचा लांबटपणा गेला, पण धागे राहिलेच. शेवटी ए-701 च्या आजींनी वरून निरोप पाठवला, साडीला कांजी द्या. भाताची पातळ पेज गाळून साडी बुडवली, सावलीत वाळवली आणि ओलसर असतानाच इस्त्री केली. आज सकाळी परत घातली तेव्हा साडी कागदासारखी कडक झाली होती. तीन थर नीट कापले गेले.
दोन गोष्टी अजून दिसल्या. कापड पाटीपेक्षा थोडं मोठं घ्यावं लागतं, कडेने अर्धा-पाऊण इंच वाया जातो. नवीन कापडात ते चालतं, कुणाच्या आईच्या साडीत नाही. आणि काठ मशीनखाली नकोच, ते काकूंच्या हातचे हवेत.

सी-602
मी माझं म्हणणं मागे घेते, मोठं मशीन नको. पण साडेचार इंची चौकोनाची एकच पाटी आणि दोन जादा मॅट घेऊ या? मशीन घरचंच आहे, मुलगी हो म्हणाली.

सी-201
एका पाटीला माझी ना नाही. त्रिकोणाचं दिवाळीनंतर बघू.

ए-203
मला एक हवं. कापायचं टेबल उंच करा. वाकून दाब द्यावा लागतो, त्यानेच अंगठा जातो.

बी-104
टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून देतो. किती इंच?

ए-203
दादा, माझ्या कमरेला लागेल इतकं. संध्याकाळी येऊन मोजून जा.

बी-304
मग असं ठरलं. साध्या अंगाचे चौकोन, म्हणजे साडीचा मधला सरळ भाग, कांजी देऊन छोट्या मशीनवर, तीन थर, दांडा सी-602 फिरवेल. काठ, पदर आणि विरलेल्या साड्या काकू कापतील, दिवसाला एका तासाच्या वर नाही. त्यांच्याबरोबर मी आणि सी-201 बसणार, आम्हाला उजेडात साडी कशी बघायची ते शिकायचंय. धावदोऱ्याला हात कमी पडतायत, ज्यांच्याकडे दुपारी दोन तास आहेत त्यांनी नाव कळवा, सुई-दोरा गटाकडून.
शनिवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये. ज्यांच्याकडे साड्या आहेत त्यांनी शुक्रवारी रात्री माझ्याकडे द्या, धुतलेल्या. कांजीसाठी मोठं पातेलं कोणाकडे आहे?

ए-701
माझ्याकडे आहे. दहा लिटरचं. कोणीतरी वर येऊन घेऊन जा, मला उचलत नाही.

बी-104
मी आणतो आजी, टेबल मोजायला येतोच आहे.