फोर्ड्स हॉस्पिटल 'नकली' कसं काय?

सागवान: इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या धाग्यावर काल 'भिंत' यांनी लिहिलं, "फोर्ड्स हॉस्पिटल १९५३ साली पुन्हा उभारलेलं आहे, म्हणजे नकलीच. वाट वाकडी करू नका." वाचून राहवलं नाही. नाव हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नव्हे; व्यापारी विल्यम फोर्डने १५०९ मध्ये गरीब वृद्धांना राहायला हे घर स्थापलं. १४ ऑक्टोबर १९४०ला बॉम्ब पडला. वॉर्डन, परिचारिका आणि सहा रहिवासी गेले. पुढे ढिगाऱ्यातून वाचलेली जुनीच लाकडं वापरून ते पुन्हा उभं केलं. ग्रेफ्रायर्स लेनवरून आत जाऊन बघा: चिंचोळं, लांबट अंगण, ओकचे उभे वासे अगदी खेटून लावलेले, वरचा मजला दोन्हीकडून पुढे आलेला. आणि तिथे आजही वृद्ध माणसं राहतात. याला नकली म्हणायचं?

भिंत: म्हणायचं. लाकूड जुनं, जोडणी नवी. वाईचा आमचा वाडा उतरवला तेव्हा खांब एका हॉटेलवाल्याने नेले. आता तिथे लोक फोटो काढतात. तो आमचा वाडा आहे का?

सागवान: तुमचे खांब दुसरीकडे गेले आणि वाडा संपला. इथे जागा तीच, काम तेच. उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

भिंत: आणि त्या अंगणाचं कौतुक पुरे! दारं अंगणात उघडणारी, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, सगळं सगळ्यांना दिसणार. शिवाय दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. ही रचना म्हाताऱ्यांवर नजर ठेवायलाच केलेली.

माळ्यावरची: नजर? माझी आई पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात होती. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे बंद दारं. रात्री न्हाणीघरात पडली, सकाळी चहावाली आली तेव्हा कळलं. समोर एखादं दार असतं, कुणी खिडकीशी बसणारं असतं, तर? आधी रात्र काढा तिथे, मग लिहा.

नदीकाठ: ताई, वाईट वाटलं. तरी इंग्लंडमधल्याच नॉर्विचचं ग्रेट हॉस्पिटल विसरू नका, तेही असंच आश्रयगृह. १२४९ची संस्था; सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चमध्येच मजला घालून वॉर्ड केले. २५२ गरुड रंगवलेल्या छताखाली बायका राहायच्या, तेही १९७०च्या दशकापर्यंत! छत अप्रतिम, पण खाली आडोसे करून राहणं. म्हातारपणी आपलं दार लागतं.

सागवान: मग विंचेस्टरचं सेंट क्रॉस हे आश्रयगृह बघा. पंधराव्या शतकात कार्डिनल बोफोर्टच्या काळात बांधलेल्या घरांची रांग. प्रत्येक 'ब्रदर'ला, म्हणजे तिथल्या रहिवाशाला, स्वतंत्र खोल्या, स्वतःची शेगडी, म्हणून तर ती उंच धुराड्यांची ओळ. आणि पुढे सगळ्यांचं मोठं अंगण. दार लावायचं तेव्हा लावा, उघडायचं तेव्हा माणसं समोर. हे त्यांना तेव्हा जमलं, आपले बिल्डर अजून कॉरिडॉरच काढतात.

भिंत: बिल्डर मध्ये कुठून आले? विषय कॉव्हेंट्रीचा आहे. ठीक, 'नकली' शब्द मागे घेतो, 'पुनर्बांधणी' म्हणा. पण फोर्ड्सचं अंगण सेंट क्रॉससारखं ऐसपैस नाही. समोरच्याची खोकल्याची उबळसुद्धा ऐकू येईल.

माळ्यावरची: येऊ दे की. आईची कुणालाच ऐकू आली नाही.

भिंत: ताई, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मला तिथे राहायला सांगितलं तर मी वरच्या मजल्यावरची, रस्त्याकडची खोली मागेन. अंगणाकडची नाही.