हॉलमध्ये गॅस फायरप्लेस: व्हेंटलेस, डायरेक्ट व्हेंट की नकोच?

माडाखाली
पर्वरीतल्या चिऱ्याच्या जुन्या घराचं नूतनीकरण चालू आहे. हॉल 20 बाय 14 फूट, वर मंगळुरी कौलं, बाहेरची भिंत 16 इंची. तासाला 20,000 बीटीयू उष्णतेची गॅस फायरप्लेस बसवायची आहे, सिलिंडरवर. आर्किटेक्ट म्हणतो व्हेंटलेस (धूर बाहेर नेणारा पाइप नसलेली) घ्या, भिंत फोडायला नको, सगळी ऊब आतच राहते. ‘गोव्यात थंडी कुठे आहे’ हे ठाऊक आहे, ते सोडून बोला. ज्योत बघायला हवी आहे.

निळी ज्योत
व्हेंटलेस गोव्यात घेऊच नका. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. 20,000 बीटीयू म्हणजे सुमारे 6 किलोवॅट, तासाला साधारण 430 ग्रॅम गॅस. संध्याकाळी तीन तास पेटवली तर दोन लिटर पाणी हॉलच्या हवेत गेलं. ते कुठे बसणार? कपाटाच्या पाठीला, फोटोच्या काचेआड आणि गिलाव्यात, बुरशी होऊन. युनिटमधला सेन्सर खोलीतला ऑक्सिजन 18 टक्क्यांवर उतरला की गॅस तोडतो, पण ओल आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅलिफोर्नियात घरांत व्हेंटलेस चालत नाही, ते उगाच नव्हे.

चिरेबंदी
हिशेब बरोबर, पण कौलारू हॉल म्हणजे बंद डबा नाही. कौलांच्या फटीतून हवा सतत खेळते, आणि पेटवणार डिसेंबर-जानेवारीत, भर पावसात नाही. उलट डायरेक्ट व्हेंटच्या धुराच्या पाइपसाठी 16 इंची भिंतीला भोक पाडताना काय होतं ते सांगा की. छिन्नी-हातोड्याने ठोकलं की चिऱ्यांचे सांधे सुटतात आणि वरचा चिरा खाली येतो. डायरेक्ट व्हेंटवाले हा खर्च कोटेशनमध्ये धरतच नाहीत.

निळी ज्योत
हवा एवढी खेळत असेल तर ‘ऊब आतच राहते’ हा आर्किटेक्टचा मुद्दा तिथेच निकालात निघाला, चिरेबंदी बाब! भोकाचं म्हणाल तर ते ठोकून पाडायचंच नसतं. आधी वर लिंटेल (भार पेलणारी आडवी तुळई), मग कोअर कटर (गोल भोक कापणारं यंत्र). पाइप दुहेरी असतो: आतल्या 4 इंची नळीतून धूर बाहेर, भोवतालच्या 6⅝ इंची नळीतून जळणाची हवा आत. समोरची काच सीलबंद, खोलीच्या हवेला हातच लागत नाही. खरी अडचण वेगळीच. भिंतीतल्या पाइपभोवती बसणारी चौकट परदेशातल्या पातळ लाकडी भिंतींच्या मापाची येते, त्यामुळे 16 इंचांसाठी जादा तुकडा युनिटबरोबरच मागवा. बाहेरचं तोंड 316 स्टेनलेसचं घ्या, खाऱ्या हवेत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) टिकत नाही. ते बाल्कांवच्या (दारापुढच्या बैठकीच्या) छपराखाली काढू नका आणि खिडकीपासून किमान 12 इंच दूर ठेवा. कौलातून वर नेण्याच्या भानगडीत तर पडूच नका. वासे-रिपांपासून अंतर ठेवावं लागतं, आणि पहिल्याच पावसात तिथून गळतं.

रेग्युलेटर
दोघेही धुराबद्दल भांडताहेत, गॅसकडे कुणी बघत नाही. 19 किलोच्या सिलिंडरला हॉटेलवाले लावतात तो हाय प्रेशर रेग्युलेटर इथे चालत नाही. फायरप्लेसच्या व्हॉल्व्हची गॅसच्या दाबाची सहनशक्ती बहुधा अर्धा पीएसआय, म्हणजे जेमतेम 34 मिलीबार. त्याला दोन टप्प्यांचा, शेवटी 28 ते 30 मिलीबार देणारा रेग्युलेटर हवा. युनिट नॅचरल गॅसचं आलं असेल तर जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) बदलल्याशिवाय पेटवू नका, त्याचं भोक मोठं असतं. एलपीजीवर ज्योत पिवळी, लांब होते आणि काच काजळते. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर. छताजवळ लावलेला अलार्म वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. युनिट जमिनीतल्या खड्ड्यात बसवायची टूम कुणी काढली तर सरळ नाही म्हणा.

कोळीष्टक
मला दोन्ही पटत नाहीत. डायरेक्ट व्हेंटमध्येही 6 पैकी चारेक किलोवॅट खोलीतच येतात. नुसती ज्योत बघायची म्हणून एसी लावलात तर दीड टनाच्या एसीची तीन-चतुर्थांश ताकद तेवढ्यातच गेली. एलईडी ज्योतीची इलेक्ट्रिक घ्या, हीटर बंद ठेवून चालते.

माडाखाली
एलईडी नको, टीव्ही बघितल्यासारखं वाटतं. डायरेक्ट व्हेंट पक्का. पायलट (मुख्य ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) सतत जळणारा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक?

रेग्युलेटर
इलेक्ट्रॉनिक. सतत जळणारा पायलट दिवसाला 300 ते 500 ग्रॅम गॅस खातो, दोन महिन्यांत 19 किलोचा सिलिंडर नुसत्या पायलटवर रिकामा.

चिरेबंदी
पण त्याच पायलटने फायरबॉक्स (ज्योतीचा कप्पा) कोरडा राहतो. बंद युनिटच्या जेटमध्ये पावसाळाभरात कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मग पहिल्याच दिवशी ‘पेटतच नाही’ म्हणून फोन. इलेक्ट्रॉनिक घेणार असाल तर नोव्हेंबरात पायलट आणि बर्नरचा जेट काढून फुंकून घेतल्याशिवाय चालू करू नका. वीज गेली तर पेटवायला त्यात बॅटरीचा खण असतो. जूनमध्ये सेल काढून ठेवा, दमट हवेत ते पाझरले की आतले संपर्क खाऊन टाकतात.