अनुभव धागा: गवत, पायवाटा आणि गोचिडी

माळरान (धागाकर्ती)
माळरानं, जंगलाच्या कडा, गवताळ पायवाटा इथे नेमाने फिरणाऱ्यांसाठी हा धागा. गोचीड म्हटलं की गुरं आणि कुत्री आठवतात, पण माणसालाही ती तितक्याच सहज चिकटते. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी मागच्या पायांनी धरून, पुढचे पाय पसरून वाट बघते. पुढच्या पायांवरच्या एका इंद्रियाने तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब जाणवते. आपण घासून गेलो की ती कपड्याला धरते आणि मऊ, झाकलेली जागा मिळेपर्यंत वर चढत राहते. भीतीपोटी रानात जाणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही, म्हणूनच विचारतेय. तुम्ही काय काळजी घेता? सविस्तर लिहा.

पाखरवेडा
पक्षी बघताना तासन्‌तास गवतात बसावं लागतं, त्यामुळे हा माझ्या रोजच्यातला विषय. फिकट रंगाची लांब पँट, पायमोज्यात खोचलेली. दिसायला कसंही दिसो, गोचीड पायावर न पोहोचता कापडावरून चढते आणि फिकट कापडावर लगेच नजरेस पडते. बूट, मोजे आणि पँटवर गोचिडी मारणाऱ्या ०.५ टक्के परमेथ्रिनचा फवारा आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवतो. हे औषध फक्त कापडासाठी आहे, कातडीवर लावायचं नाही. उघड्या त्वचेसाठी डीट किंवा पिकारिडिन, ही किडे दूर ठेवणारी औषधं. पायवाटेच्या मधून चालतो, कडेच्या गवताला घासत नाही. बसायचं तर पालापाचोळ्यात किंवा पडलेल्या ओंडक्यावर नाही.

कडुलिंब
मी वर्षानुवर्षं नुसतं कडुलिंबाचं तेल लावून फिरतो. रसायनं कशाला?

पाखरवेडा
कडुलिंबदादा, तुमची भावना समजते. पण अशा बहुतेक तेलांचा परिणाम फार वेळ टिकत नाही आणि किती वेळ टिकेल याची खात्रीही देता येत नाही. जिथे गोचिडींमुळे आजार पसरतात तिथे मी त्यावर विसंबणार नाही. डीट २० ते ३० टक्क्यांचं असलं तर काही तास निभावतं. सनस्क्रीन आधी, हे नंतर.

दोघांचीआई
माझा सगळा भर घरी परतल्यानंतरच्या तासाभरावर असतो. लहान अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावल्याचं कळतही नाही, त्यामुळे दुखलं तर बघू असं म्हणून चालत नाही. आल्या आल्या आंघोळ, उशीर झाला तरी दोन तासांच्या आत. मग उजेडात मुलांचं अंग नीट बघते: केसांची मुळं, कानांच्या आत आणि मागे, काख, बेंबी, कमरेचा पट्टा, जांघा, गुडघ्यामागची लवण. नजरेपेक्षा बोटं भरवशाची, हलका हात फिरवला की बारीक उंचवटा लागतो. नवरा आणि मी एकमेकांची पाठ तपासतो. एकटे राहणाऱ्यांनी हातातला आरसा वापरावा.

कपड्यांचंही सांगते. गार पाण्याच्या धुण्यात गोचिडी वाचतात. ड्रायर असेल तर कोरडे कपडे न धुता आधी त्यात कडक उष्णतेवर १० मिनिटं फिरवायचे, धुणं नंतर. कोरड्या उष्णतेपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

शेपटीवाले
कुत्र्याला सोबत नेणाऱ्यांनो, आपल्याआधी त्याला तपासा. कानांच्या घड्या, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ. त्याच्या अंगावरची गोचीड रात्री आपल्या अंथरुणात येऊ शकते, आणि त्यालाही एर्लिकियोसिस, बॅबेसिओसिससारखे आजार होतात. औषध पशुवैद्यांना विचारूनच. घरात मांजर असेल तर जास्तच जपा. परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, कुत्र्यासाठीचं औषध त्यांना कधीही लावू नका.

दवाखाना
मी डॉक्टर आहे. लोक गोचिडीवर तेल, रॉकेल ओततात, काडी पेटवून चटका देतात. कृपा करून यातलं काहीही करू नका. तिने स्वतःहून सुटायची वाट बघण्यात वेळ जातो आणि डिवचल्यामुळे तिची लाळ जखमेत जाण्याचा धोका असतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिच्या तोंडाजवळ धरा आणि पिळा न देता, झटका न देता सरळ वर ओढा. काही जाती तोंडाभोवती सिमेंटसारखा स्राव सोडून घट्ट बसतात, म्हणून थोडा जोर लागेल. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका, त्वचा तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा.

घाई का? लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. त्याचा जिवाणू १९८२ साली विली बर्गडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. तो माणसात उतरायला गोचीड साधारणपणे २४ तासांहून जास्त वेळ चिकटलेली असावी लागते. म्हणजे त्याच संध्याकाळी काढलेली गोचीड बहुतेकदा हा आजार देत नाही. विषाणूंच्या बाबतीत मात्र एवढी सवलत धरू नका. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडतापही गोचिडींमुळे पसरतो, पण तो विषाणूचा आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन किंवा आरोग्य खात्याला कळवा.

वाटसरू
डॉक्टरांच्या बोलण्याला माझा अनुभव जोडतो. गोचीड काढल्यावर त्या जागेचा फोटो काढून तारीख लिहून ठेवली होती. पुढे तिथे लाल चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही, फक्त रोज थोडा मोठा होत गेला, सोबत कणकण. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोललो की गोचीड चावली होती, आणि फोटो पुढे केला. त्यामुळे निदान लगेच झालं, अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन पूर्ण बरा झालो. तापाचे रुग्ण रोज येतात, आपण सांगितल्याशिवाय समोरच्याला रान कुठून आठवणार?

दवाखाना
अगदी बरोबर केलंत. लाइमचा हा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो, पण प्रत्येकाला उठतोच असं नाही. त्यामुळे चट्टा नसला तरी पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी, सांधेदुखी आली तर गोचिडीचा उल्लेख करा.

नवखी
काढलेल्या गोचिडीचं काय करायचं? आमच्याकडे नखाने चिरडतात.

दवाखाना
चिरडू नका, तिच्या अंगातला द्रव हाताला लागतो. चिकटपट्टीत घट्ट गुंडाळा किंवा अल्कोहोलमध्ये टाका. बंद पिशवीत तारीख लिहून ठेवली तरी चालेल, पुढे ताप आला तर जात ओळखायला उपयोगी पडते. त्यानंतर हात साबणाने धुवा.