मदत हवी आहे: ग्रुपवर फिरणारा धरणाचा व्हिडिओ आजचाच आहे का, हे कसं ओळखायचं?

शुक्रवारातली
जरा लवकर सांगा. दुपारपासून कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. खाली लिहिलंय: "राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, एक लाख क्युसेकनं पाणी सुटलंय, आज रात्री पेठेत पाणी शिरणार, लगेच बाहेर पडा." निम्म्या गल्लीनं सामान माडीवर चढवायला घेतलंय. सासूबाईंनी ट्रंक काढलीय. २०१९ ला घरात पाणी होतं, त्यामुळं "खोटं असेल" म्हटलेलं त्यांना पटत नाही, आणि खरं असेल तर मलाही वेळ घालवायचा नाही. खरं-खोटं बघायचं कुठं? व्हिडिओ टाकणारे काका गल्लीतले मोठे आहेत, त्यांना सगळ्यांसमोर विचारता येत नाही.

बावडेकर
कुठला व्हिडिओ? इथं तर काहीच दिसंना. चिकटवायचा राहिला काय? आणि घर शुक्रवार पेठेत नक्की कुठं? पंचगंगा तालमीकडं असाल तर एक गोष्ट, वर चढावर असाल तर दुसरी.

रंकाळाकाठ
अॅडमिन कोण आहे ग्रुपचा? सेटिंगमध्ये जाऊन "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील" करून टाका. विषयच संपला. आमच्या सोसायटीत मी तेच केलं, दोन वर्षं कटकट नाही.

शुक्रवारातली
अॅडमिन मी नाही. व्हिडिओ इथं चढत नाही, फाइल मोठी आहे म्हणतंय. धरणाचा आहे, दरवाज्यांतून पाणी उसळतंय, एक माणूस ओरडतोय. घर तालमीच्या बाजूलाच, तळमजला.

उचगावचा_मेकॅनिक
ताई, सोपं आहे. फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओवर बोट दाबून धरा, तपशील बघा. तिथं तारीख येते. आजची असेल तर खरा, जुनी असेल तर जुना.

पाटबंधारे_निवृत्त
मेकॅनिकराव, त्यावर जाऊ नका. व्हॉट्सअॅपवरनं आलेल्या फाइलवर दिसते ती तुमच्या फोनमध्ये उतरल्याची तारीख. पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो, मूळ चित्रीकरणाची माहिती त्यातच गळून पडते. पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज उतरवला तर आजचीच तारीख दाखवणार. त्या भरवशावर ताईंनी रात्री घर सोडायचं का थांबायचं ते ठरवू नये.

ताई, तीन गोष्टी बघून सांगा. एक, व्हिडिओत ओळीनं दरवाजे किती दिसतात ते मोजा. दोन, कुठं पाटी, गाडीचा नंबर, दुकानाचा फलक वाचता येतो का. तीन, मेसेजवर एक बाण आहे का दुहेरी.

उचगावचा_मेकॅनिक
माझ्या फोनवर तरी बरोबर दाखवतो.

पाटबंधारे_निवृत्त
स्वतः काढलेल्या व्हिडिओचं दाखवेल. आलेल्याचं नाही.

मिरजकर_काकू
आमच्याकडं मागच्या पावसात असंच झालं. सांगलीच्या आयर्विन पुलाचा म्हणून फोटो आला, तो होता दुसऱ्याच राज्यातला. ताई, मुलं लहान आहेत का? असतील तर आधी त्यांना नातेवाइकांकडं ठेवा, तपास नंतर.

शुक्रवारातली
दरवाजे मोजले. चौदापर्यंत मोजता आले, पुढं कॅमेरा हलतो, पण रांग तिथं संपत नाही. कठड्याजवळ एक निळा फलक आहे, अक्षरं मराठी वाटत नाहीत, गोल गोल आहेत. बाण दुहेरी आहे. मुलगी एक, आठवीत.

पाटबंधारे_निवृत्त
मग उत्तर मिळालं. राधानगरीला स्वयंचलित दरवाजे सातच आहेत. चौदा दिसतात म्हणजे ते राधानगरी नव्हेच. गोल अक्षरं कन्नड असणार. कर्नाटकातल्या आलमट्टीला सव्वीस दरवाजे आहेत, पण हे तेच धरण आहे असं मी व्हिडिओ न बघता म्हणणार नाही.

दुहेरी बाणाचा अर्थ असा की हा मेसेज हातोहात बऱ्याच वेळा पुढं गेलेला आहे. म्हणजे काकांनी तो काढलेला नाही, त्यांना ज्यानं पाठवला त्यानंही बहुतेक काढलेला नाही.

आता आकडा. राधानगरीच्या एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी जातं. सात गुणिले करा, ९,९९६ होतात. वीजगृहातले धरले तरी बारा हजारांच्या आत. एक लाख येणार कुठून? आणि हे दरवाजे कुणी रात्री जाऊन उघडत नाही. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बंद होतात. त्यामुळं पहिला प्रश्न हाच विचारायचा: धरण भरलंय का?

बावडेकर
नाही भरलेलं. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी पाणी ३१ फूट होतं, मी स्वतः मोजपट्टी बघून आलोय. इशारा पातळी ३९, धोका ४३. ताई, आधी हा आकडा बघायचा, मग व्हिडिओ. तुमच्याकडं पाणी यायच्या आधी सुतारवाड्यातली घरं हलवायला लागतात. तिथं आत्ता काही हालचाल नाही.

नदीवेस_मंडळ
३१ फूट म्हणून निवांत बसू नका हं. २०२१ च्या जुलैत बघता बघता चढलं होतं. गगनबावड्याकडं रात्रभर कोसळला की कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती सगळ्या एकदम येतात. आमच्या आजोबांच्या वेळी लोक शिवाजी पुलावर जाऊन मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं का, बघायचे आणि मग सामान हलवायचे. मोबाइल नव्हता तरी कुणी फसत नव्हतं.

बावडेकर
निवांत बसा असं मी म्हटलंच नाही. आकडा बघा म्हटलं.

कृष्णाकाठ_शिरोळ
सगळ्याचं मूळ आलमट्टी आहे. तिथं पाणी अडवतात म्हणून इकडं फुगवटा येतो. ह्यावर कुणी बोलत नाही.

पाटबंधारे_निवृत्त
२०१९ नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली होती. तो वाद मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा, मी येतो बोलायला. आज ह्या ताईंच्या सासूबाई ट्रंक भरून बसल्यात.

कृष्णाकाठ_शिरोळ
शिरोळला तीन दिवस छपरावर काढलेत आम्ही, म्हणून बोलतोय. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळात दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक आनंदानं अंघोळीला जातात, आणि आम्ही त्याच पाण्याकडं बघून जनावरं सोडतो.

शुक्रवारातली
दादा, तुमचं दुःख कळतं मला, आमच्याही भिंतीवर २०१९ ची रेघ आहे. पण आत्ता मला गल्लीला काय सांगायचं ते हवंय. व्हिडिओ दुसऱ्या धरणाचा आहे हे दाखवायचं कसं? "सातच दरवाजे असतात" म्हटलं तर काका म्हणतील तुला कोण सांगितलं.

शाहूपुरी_लायब्ररी
स्क्रीनशॉट काढा. पाणी उसळतानाचा नको, तसे हजारो सापडतात. फलक आणि दरवाज्यांची रांग एकत्र दिसते तिथं व्हिडिओ थांबवून काढा. मग गूगल लेन्समध्ये तो फोटो द्या. जुळणारी चित्रं येतील, त्यात सगळ्यात जुनी तारीख कुठली ते बघा. आधी कुठंतरी चढवलेला असेल तर आजचा नाही हे आपोआप सिद्ध होतं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते, पाच मिनिटांत जमतं.

आणि एक. किरणोत्सवाचे फोटोसुद्धा दरवर्षी असेच जुने फिरतात. नऊ ते अकरा नोव्हेंबर आणि एकतीस जानेवारी ते दोन फेब्रुवारी, हे दिवस आणि त्यांच्या आगेमागचा एखाद-दुसरा दिवस सोडून कुणी "आत्ता अंबाबाईच्या चेहऱ्यावर किरणं" म्हणून टाकलं की समजायचं.

रंकाळाकाठ
म्हणूनच म्हणतो, ग्रुप बंद ठेवा. कोण एवढे स्क्रीनशॉट काढत बसणार? पाच अॅडमिन ठेवा, त्यांनाच लिहू दे.

नदीवेस_मंडळ
अजिबात करू नका. २०१९ ला आमच्या मागल्या बोळात एक आजी माडीवर अडकल्या होत्या. त्यांच्या नातवानं ग्रुपवर लिहिलं, बोट कुठल्या टोकाला आहे ते दुसऱ्यानं लिहिलं, अर्ध्या तासात आजी खाली. तो नातू अॅडमिन नव्हता. तुमच्या पाच अॅडमिनपैकी एक पुण्यात, एकाचा फोन बंद, मग कळणार कसं?

रंकाळाकाठ
पुरात उघडायचा, एरवी बंद.

नदीवेस_मंडळ
पूर आलाय हे कळायलाच तर ग्रुप हवा.

कसबा_गेट
फॉरवर्ड करणाऱ्यावर पोलिसांत तक्रार करा. अफवा पसरवणं गुन्हा आहे. एकाला दणका बसला की बाकीचे गप्प.

शाहूपुरी_लायब्ररी
गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणसावर? ते पूर बघितलेले आहेत, घाबरून पाठवलंय. मुद्दाम कुणी बनवून पाठवत असेल तर तक्रार जरूर करा. इथं ते नाही. काकांना आधी वेगळा फोन करा. "काका, हा तुम्हाला कुठून आला?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "मेव्हण्यानं पाठवला." मग ते स्वतःच सावध होतात.

पाटबंधारे_निवृत्त
बरोबर. आणि ग्रुपवर "खोटं आहे" एवढंच लिहू नका. त्या जागी खरं काय ते ठेवा, नाहीतर भीती तशीच राहते. पातळी किती, कुठली, कधीची, कुणी बघितली. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आहे, तिथं फोन करून राधानगरीचा विसर्ग विचारा आणि तेच लिहा.

मिरजकर_काकू
ट्रंक भरलीच आहे तर कागदपत्रं, औषधं, चार्जर, मुलीच्या वह्या आत टाका. व्हिडिओ खोटा निघाला तरी जुलै आहे, भरून ठेवलेलं वाया जात नाही. सासूबाईंना काढून ठेवायला लावू नका.

उचगावचा_मेकॅनिक
गाडी बेसमेंटमध्ये असेल तर ती मात्र वर काढा. पाणी शिरलेलं इंजिन चालू करू नका, आत पाणी ओढून घेतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी टोइंग, मग बघू.

शुक्रवारातली
गाडीचं विचारलंच नव्हतं, पण दिरांना सांगते.

लेन्सवर टाकलं. तोच व्हिडिओ, तेच ओरडणं, वर कन्नडमध्ये शीर्षक आणि तारीख काही वर्षांपूर्वीची. तोच निळा फलक त्यात स्पष्ट दिसतो. १०७७ वरही बोलले, राधानगरीचा एकही स्वयंचलित दरवाजा उघडलेला नाही, वीजगृहातूनच पाणी सोडतायत. काकांना फोन केला. त्यांनाही साडूकडून आला होता. आधी जरा गप्प झाले, मग म्हणाले, "तूच लिही, तुझ्या नावानं लिही, मी खाली हो म्हणतो."

ग्रुपवर हे टाकलं, चुकलं असेल तर सांगा:

"दुपारचा धरणाचा व्हिडिओ राधानगरीचा नाही, दुसऱ्या धरणाचा जुना आहे. राधानगरीला सातच स्वयंचलित दरवाजे आहेत, आज रात्री नऊपर्यंत एकही उघडलेला नाही. राजाराम बंधारा संध्याकाळी ३१ फूट, इशारा ३९, धोका ४३. सामान माडीवर चढवलं असेल तर राहू द्या, पण रात्री कुणी घर सोडायची गरज आत्ता नाही. उद्या सकाळी पुन्हा पातळी लिहीन."

पाटबंधारे_निवृत्त
उत्तम. "संध्याकाळी" ऐवजी वेळ लिहा. किती वाजता ते महत्त्वाचं, कारण हा मेसेजही उद्या परवा पुढं फिरणार, आणि तेव्हा तोच जुना झालेला असेल. तारीखही घाला.

बावडेकर
पावणेसात वाजता बघितलं मी. तेच लिहा.

शुक्रवारातली
केलं दुरुस्त. काकांनी खाली हो लिहिलं. तिघांनी सामान चढवणं थांबवलं, सासूबाईंनी ट्रंक दाराशीच ठेवलीय, मी काही बोलले नाही. सकाळी आकडा कुठून मिळेल? १०७७ ला रोज फोन लागेल असं नाही.

रंकाळाकाठ
अॅडमिनवाला मुद्दा तरी विचारात घ्या.

बावडेकर
मी साडेसातला बंधाऱ्याकडं असतोच. लांबूनच मोजपट्टीचा फोटो काढून तारीख, वेळ घालून इथं टाकतो. तसाच पुढं पाठवा, कापू नका.